तुमच्या कागदावर तुटलेली ए-लाइन माझ्या ग्लायडरवर शाबूत आहे

प्रति,
प्रमुख, विक्रीपश्चात सेवा विभाग
(प्रत: तपासणी कार्यशाळेचे व्यवस्थापक)

विषय: ईएन-बी (युरोपीय सुरक्षा प्रमाणपत्राचा बी वर्ग) पॅराग्लायडर, हार्नेस आणि रिझर्व्ह पॅराशूट यांच्या तपासणी अहवालाबाबत तक्रार. चौथी.

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी सतरा मिनिटं बोलून झाली, त्यातली अकरा बासरी ऐकण्यात गेली, आणि फोन ठेवल्या ठेवल्या हे पत्र लिहायला बसले आहे. आधीच्या तीन तक्रारी ई-मेलने केल्या होत्या. तिन्हींना एकच उत्तर आलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. अभिप्राय नव्हता तो, तक्रार होती.

तपासणीत काय काय करायचं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. ग्लायडर तुमचा, पंखाला पायलटशी जोडणाऱ्या दोऱ्या, म्हणजे लाइन्स, तुम्ही कापलेल्या, पुस्तिका तुम्ही छापलेली. २४ महिने किंवा १०० तास, जे आधी होईल ते, असं तिच्यात लिहिलंय. माझे ९६ तास झाले तेव्हाच मी ग्लायडर पाठवला, कारण शेवटच्या काही उड्डाणांत टेक-ऑफला तो डोक्यावर यायला कां-कू करत होता. वारा चांगला, ओढ नेहमीची, तरी पंख मागेच लटकायचा. एकदा बी-स्टॉल (बी-लाइन्स खाली ओढून पंखाची उचल मुद्दाम तोडणं) सोडल्यावर पुढे झेपावण्याऐवजी तो क्षणभर जागीच घुटमळला. तो क्षण मला आवडला नाही. हे सगळं एका कागदावर लिहून, पाकिटात घालून, ते पाकीट मी ग्लायडरच्या पिशवीत अगदी वर ठेवलं होतं.

एकोणीस दिवसांनी ग्लायडर परत आला. अहवाल दोन पानी, शिक्का ठसठशीत, निकाल ‘पास’.

आता मुख्य गोष्ट. अहवालाच्या दुसऱ्या पानावर लाइनच्या ताकदीची चाचणी आहे. डावीकडची मधली ए-लाइन, म्हणजे सगळ्यात पुढच्या रांगेतली, काढून यंत्रावर ताणली, ती १२८ किलोला तुटली, निकाल समाधानकारक, असं लिहिलंय. ठीक. नमुन्याची लाइन तुटेपर्यंत ताणायची आणि तिच्या जागी नवी लावायची, हीच पद्धत आहे. पण माझ्या ग्लायडरवर त्या जागी नवी लाइन नाही. तीच जुनी आहे. शेजारच्या लाइन्सइतकाच रंग उडालेली, आणि रायझरच्या (लाइन्स हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्याच्या) स्टीलच्या कडीपाशी मी दोन वर्षांपूर्वी गुंडाळलेला काळा धागा तसाच. सकाळी घाईत मधली ए चटकन सापडावी म्हणून तो गुंडाळला होता. १२८ किलोला तुटलेली लाइन तुम्ही रंगासकट आणि धाग्यासकट सांधून पाठवली असेल तर कळवा, मी हे पत्र मागे घेऊन तुमचा सत्कार करायला येते.

हेच मी आज फोनवर विचारलं. झालेलं संभाषण जसंच्या तसं देते, कारण तुमच्याकडे ते ‘गुणवत्तेसाठी रेकॉर्ड’ झालेलं असणार. ताडून पाहा.

“तुमच्या अहवालात ती ए-लाइन तुटली आहे. बरोबर?”

“बरोबर मॅडम. पास आहे.”

“ती लाइन आत्ता माझ्या हातात आहे.”

“मग आम्ही नवीन लावून दिली असेल मॅडम.”

“नवीन नाही. तीच आहे. मी खूण केलेली.”

थोडा वेळ कीबोर्डचा आवाज.

“मॅडम, मग ती तुटली नसेल.”

“पण अहवालात तुटली आहे.”

“तुटली नाही म्हणजे मजबूत आहे ना मॅडम. ही तर चांगलीच गोष्ट आहे.”

महोदय, या वाक्यानंतर मी गप्प झाले. अकरा वर्षांच्या उड्डाणांत मी एवढी गप्प कधी झालेले नाही. त्याला वाटलं, मला पटलं. मग त्याने विचारलं, “ग्लायडर उडतोय ना मॅडम?” मी म्हटलं, उडतोय, पण प्रश्न तो नाही. त्यावर तो मोठ्या समजुतीने म्हणाला, “उडवणारे सर आहेत का घरी? त्यांना फोन दिलात तर टेक्निकल बोलता येईल.”

मी सांगितलं, उडवते मीच.

“हो हो, पण तुम्हाला शिकवणारे सर असतील ना?”

शेवटी त्याने मला या संभाषणाला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. मी एक दाबला. यंत्राने माझे आभार मानले.

त्या मुलावर माझा राग नाही, खरंच. त्याला समोरच्या पडद्यावर ‘पास’ दिसत होतं आणि त्याने ते तीनदा वाचून दाखवलं. राग आहे तो त्याच्या पडद्यावर ‘पास’ कुणी टाकलं त्याच्यावर. आणि ‘उडतोय ना’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापैकी कुणीतरी त्याला शिकवा, म्हणून इथे लिहिते. ट्रिम, म्हणजे लाइन्सच्या लांबीचा मेळ, बिघडलेला ग्लायडरही उडतोच. तीच तर त्याची लबाडी आहे. पुढच्या ए आणि बी लाइन्सवर जास्त भार असतो, त्या ताणात राहतात. मागच्या सी-लाइन्सवर भार कमी, त्यामुळे त्यांच्यातला डायनीमाचा धागा तासागणिक थोडा थोडा आकसत जातो. मागची रांग आखूड झाली की पंखाची मागची कड खाली ओढली जाते, अँगल ऑफ अटॅक (पंख समोरच्या हवेला ज्या कोनात भेटतो तो) वाढतो, वेग घटतो आणि स्टॉल जवळ येतो. पायलटने ब्रेकला हातही लावलेला नसतो, तरी ग्लायडर किंचित ब्रेक मारल्यासारखा उडत असतो. कापड चकचकीत, शिवण सरळ, रायझर ठणठणीत. प्री-फ्लाइटला, उड्डाणाआधीच्या तपासणीला, कितीही डोळे फाडून बघा, यातलं काहीही दिसत नाही. ते फक्त मोजून कळतं, आणि मोजण्यासाठीच लोक तुमच्याकडे पाठवतात.

तर तुमचं मोजमाप. लाइन्सच्या लांबीचा पूर्ण तक्ता भरलेला आहे, डावी बाजू, उजवी बाजू, ए, बी, सी, ब्रेक. फरकाच्या रकान्यात सगळीकडे शून्य. सगळीकडे! ९६ तास उडालेल्या ग्लायडरच्या एकाही लाइनमध्ये एका मिलिमीटरचा फरक नाही? कारखान्यातून नुकताच बाहेर पडलेला ग्लायडरही इतका निष्पाप नसतो. मी घरी भिंतीला हुक मारला, प्रत्येक लाइनला ५ किलोचा ताण दिला आणि लेझर मीटरने मोजलं. मधल्या सी-लाइन्स १७ ते २१ मिलिमीटर आखूड भरल्या, बाहेरच्या १२. ए-लाइन्स मात्र पुस्तिकेतल्या लांबीला ३-४ मिलिमीटरच्या आत. माझं भिंतीवरचं मोजमाप तुमच्या कार्यशाळेइतकं अचूक नाही, मान्य. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतील. २१ चे शून्य होणार नाहीत. प्रमाणपत्राच्या चाचणीत ग्लायडरच्या लाइन्स पुस्तिकेतल्या लांबीपेक्षा १० मिलिमीटरहून जास्त चुकलेल्या चालत नाहीत, हे तुम्हाला माझ्याआधी माहीत आहे. म्हणजे माझ्याकडे आज जे आहे त्याला ईएन-बी म्हणायचं की कसं, हे तुम्हीच ठरवा.

सी-रांगेच्या लाइन्सना कडीवर जो जादा फेरा दिलेला असतो तो सोडून पुन्हा मोजायचं, एवढंच कदाचित करायचं होतं. मीही ते घरी करू शकते. करणार नाही, कारण उद्या काही झालं तर ‘ग्राहकाने ट्रिममध्ये फेरफार केला’ हे वाक्य तुमच्याकडे तयार असेल, याबद्दल मला शंका नाही.

पोरॉसिटीचं, कापडातून हवा किती झिरपते त्याचं, तर विचारूच नका. सहा ठिकाणी मोजली, सहाही ठिकाणी २१२ सेकंद. कापडातून पाव लिटर हवा जायला लागणारा वेळ, लीडिंग एजजवळ, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेला, जिथे ऊन आणि घासणं सगळ्यात जास्त, तिथेही २१२ आणि मागच्या कडेला खालच्या बाजूलाही २१२. असलं शिस्तीचं नायलॉन तुम्हाला कुठे मिळतं? खरा आकडा तीनशे असो वा साठ, मला चालला असता. दहाच्या खाली गेला असता तर ग्लायडर भंगारात काढायचा, हेही मला कळतं. मला आकडा हवा होता. तुम्ही मला टायपिंग पाठवलंत.

रिझर्व्ह पॅराशूट उघडून, हवा देऊन, पुन्हा घडी घातली असं अहवाल म्हणतो. आतल्या खिशात घडीच्या तारखेची चिठ्ठी आहे ती गेल्या वर्षीची, माझ्या अक्षरातली. लाइन्स बांधायचे रबरही तेच, त्यातला एक चिरलेला. पूर्ण चांगल्या स्थितीतलं रिझर्व्हसुद्धा सेकंदाला साडेपाच मीटरपर्यंतच्या वेगाने जमिनीवर आणतं. त्यात उघडायला उशीर नको, म्हणून तर ते उघडून बघायचं असतं.

आणि ती ए-लाइन. पुन्हा लिहिते, कारण तीन ई-मेलमध्ये लिहूनही कुणी वाचलेलं दिसत नाही: तुम्ही तुटली म्हणता ती लाइन तुटलेली नाही. काढलेली नाही. तिला हात लावलेला नाही.

हात एकाच गोष्टीला लावलात, ग्लायडर खोक्यात कोंबायला. लीडिंग एजमधल्या प्लॅस्टिकच्या कांड्या एकावर एक येतील अशी घडी घाला, कांड्या दुमडू नका, हे तुमच्याच पिशवीवर चित्रासकट छापलंय. ग्लायडर मधोमध दुमडून, पट्टा करकचून आवळून आला. मधल्या चार सेलच्या (पंखातल्या कप्प्यांच्या) कांड्या अजून वाकड्या आहेत.

अकरा वर्षांत तीन ग्लायडर घेतले, तिन्ही तुमचे. दुसऱ्याचा एकदा उन्हाळी थर्मलमध्ये अर्धा पंख दुमडला आणि मी काही करायच्या आत आपणहून उघडला. त्या संध्याकाळी मी तुमच्या डिझायनरला मनोमन हात जोडले होते. नवीन पायलटांनी विचारलं की मी तुमचंच नाव सांगायची. आता विचारतील तेव्हा मी त्यांना ही दोन पानं दाखवणार आहे.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते. १२८ किलोला तुटलेल्या लाइनचे दोन तुकडे. लाइन्स मोजणाऱ्या यंत्राची मूळ नोंद, तारखेसकट. ज्यांची सही आहे त्यांनी माझा ग्लायडर प्रत्यक्ष पाहिला होता की नाही, याचं लेखी उत्तर. आणि तपासणीची पूर्ण रक्कम परत, कारण बिल मात्र तुम्ही शून्य फरकाने बरोबर लावलं होतं.

दहा दिवस वाट पाहते. ग्लायडर मी एका स्वतंत्र तपासनीसाकडे पाठवत आहे. त्याचा तक्ता आला की तुमचा आणि त्याचा शेजारी शेजारी ठेवून प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळेला पाठवीन, आणि पायलटांच्या प्रत्येक ग्रुपवर टाकीन. ही धमकी वाटत असेल तर वाटू द्या. माझा हंगाम बुडाला आहे आणि ग्लायडर कपाटात आहे. फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं हेही उत्तर समजा: नाही, उडत नाहीये.

आपली ग्राहक
(उडवणारी)

ता. क. पत्र पाकिटात घालण्यापूर्वी बिल शोधायला ग्लायडरची पिशवी पुन्हा उघडली. सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला ते माझं पाकीट आतल्या कप्प्यात सापडलं. मी डिंकाने चिकटवलं होतं तसंच, बंद. या पत्रासोबत तेच पाकीट पुन्हा जोडत आहे. या वेळी फोडा.