शुभा, आई-बाबा डॅलसला येण्याआधी

ह्यूस्टन

प्रिय शुभा,

आई-बाबा हिवाळाभर तुझ्याकडे राहणार, हे वाचून फार आनंद झाला. स्वेटर-शालींची तयारी तू केलीच असशील. मला सांगायचंय ते वेगळंच. कडाक्याच्या थंडीत वीज गेली आणि लगेच येण्याची चिन्हं दिसेनात, तर रस्ते ठीक असेतो दोघांना घेऊन वॉर्मिंग सेंटर, म्हणजे थंडीत लोकांना ऊब मिळावी म्हणून उघडलेलं सार्वजनिक ठिकाण, गाठ. बाबा म्हणतील, "ते बेघरांसाठी असतं, आपण कशाला जायचं?" त्यांचं हे मुळीच ऐकू नकोस.

फेब्रुवारी २०२१ मध्ये तू पुण्यात होतीस. १५ तारखेच्या पहाटे, थंडीच्या लाटेत, इथे वीजकपात सुरू झाली. टेक्सासचं वीजजाळं बाकीच्या देशाशी जेमतेमच जोडलेलं आहे, त्यामुळे बाहेरून फारशी मदत येईना. गॅसच्या विहिरी गोठल्या, गॅसवरची वीजकेंद्रं बंद पडली, आणि गॅस पुढे ढकलणाऱ्या यंत्रांचीही वीज तोडली गेली! ४५ लाखांवर घरं अंधारात. ह्यूस्टनचा पारा उणे १० सेल्सिअसपर्यंत उतरला. आणि इथली घरं बांधलेली उन्हाळ्याचा विचार करून. राज्य सरकारच्या नोंदीत २४६ मृत्यू आहेत, बहुतेक गारठ्याने. त्यात घरातल्या घरात गेलेले म्हातारे होते. हे आठवलं की अजून जीव तुटतो.

त्याच दिवसांत ह्यूस्टनचं जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटर लोकांसाठी उघडलं होतं. जिम मॅकइंगव्हेल या फर्निचर विक्रेत्याने आपली शोरूम खुली केली, आणि माणसं तिथल्या सोफ्यांवर, गाद्यांवर झोपली. त्यात स्वतःची घरं असलेली कुटुंबंही होती. अशा ठिकाणी जाण्यात कमीपणा कसला? मात्र निघण्याआधी २११ या मदतीच्या क्रमांकावर फोन करून कुठलं केंद्र चालू आहे ते विचार, कारण तेव्हा काही केंद्रांचीच वीज गेली होती. गोळ्या, चार्जर, पांघरूण आणि बाबांचं इन्सुलिन बरोबर घे. इन्सुलिन गाडीत ठेवू नकोस, गोठलं की ते वाया जातं.

आता आईंबद्दल. त्यांना शेगडीची सवय आहे, म्हणून आधीच बजावून ठेव: बंद घरात कोळसा पेटवायचा नाही, ओव्हन उघडा ठेवून ऊब घ्यायची नाही. गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवणं तर त्याहून वाईट, दार उघडं असलं तरीही. यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो, आणि त्याला ना वास, ना रंग. २०२१ मध्ये याने कुटुंबंच्या कुटुंबं इस्पितळात पोचली, काही दगावली. त्याचा अलार्म बॅटरीवर चालणारा घे, आजच.

दोघांकडे लक्ष ठेव. कुडकुडणं दिसतं, त्यामुळे आपण सावध होतो. पण बोलणं अडखळू लागलं, माणूस गोंधळला, पेंगू लागला, किंवा ऊब न मिळताच कुडकुडणं थांबलं, तर थेट ९११ वर, आपत्कालीन मदतीसाठी, फोन कर. मदत येईपर्यंत ओले कपडे काढून आधी छाती, मान, डोकं उबदार कर. हातपाय चोळायचे नाहीत. आई प्रेमाने नेमकं तेच करायला जातील. बाबांना 'थोडी ब्रँडी' अजिबात नको. तिने ऊब आल्यासारखं वाटतं, पण शरीर उलट गार पडतं.

शेजारच्या एकट्या आजींबद्दल तू लिहिलं होतंस. निघताना त्यांचंही दार वाजव, गाडीत जागा होईल.

तुझ्या भागातली केंद्रं कुठली, ते या शनिवारी शोधून मला कळव. आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
नीलिमा