लोखंडी बूट आणि तुझे स्पोर्ट्स शूज

मनू,

फोनवर काही धड बोलता येत नाही, तू कायम बसमध्ये नाहीतर लायब्ररीत, म्हणून हे टाइप करतेय, जेवताना वाच.

मे महिन्यात आम्ही बल्गेरियात तुझ्याकडे प्लोव्हदिवला आलो होतो तेव्हा तुझ्या घरमालकीण आजींनी (तिकडे आजीला "बाबा" म्हणतात हे काही मला पचत नाही, तुझे बाबा तर दोन दिवस हाक आली की दचकत होते) सापाशी लग्न झालेल्या मुलीची गोष्ट सांगितली होती बघ, तू अर्धी सांगितलीस आणि अर्धी खाल्लीस. नवरा दिवसा साप, रात्री माणूस. ती त्याची कात जाळून टाकते, तो गायब होतो, आणि मग तिला लोखंडी बूट घालून, हातात लोखंडी काठी घेऊन त्याला शोधायला निघावं लागतं. बूट झिजून फाटले की समजायचं, आता भेट होणार.

असल्या गोष्टी सगळ्या बाल्कन भागात आहेत म्हणे. मला आधी वाटलं लोखंडी म्हणजे नुसती शिक्षा. पण त्यांचे जुने बूट, ते त्सर्वुली, ते काय असायचे तर डुकराच्या नाहीतर गाईच्या कातड्याचा एक तुकडा, पायाला लोकरी पट्ट्या गुंडाळून वरून दोरीने आवळलेला. शेतात फिरणाऱ्याचा तो किती टिकणार! झिजलेल्या तळव्यांचीच सवय असलेल्या लोकांनी विचार केला असणार की सगळ्यात लांबचा रस्ता कसा सांगायचा, तर लोखंड झिजेल एवढा. किलोमीटर नाही, महिने नाही, तळवा बघायचा. (आणि "त्सर्वुल" ही शिवीपण आहे, गावंढळ माणसाला, हे तूच सांगितलंस आणि वर हसलीस.)

शिवाय लोखंड राखण करतं. तिकडे बाळंतिणीजवळ लोखंडाची वस्तू ठेवायचे हे ऐकून मी उडालेच, तुझ्या वेळी माझ्या उशाशी आजीने विळा ठेवला होता, डॉक्टर मावशी कितीही ओरडली तरी हलवला नाही. तर ती पोरगी परक्या मुलखात एकटी चाललीय, पायात शिक्षापण आहे आणि राखणपण, एकाच बुटात.

शिपका घाट ओलांडून एतारला गेलो ना, गाब्रोवोजवळ, 1964 साली उघडलेलं ते म्युझियम, पाण्यावर चालणारी सगळी जुनी यंत्रं, तिथे तुझे बाबा पाणचक्कीपासून हलेनात. मी मात्र तुझ्या पायांकडे बघत होते. उजव्या बुटाची टाच बाहेरच्या अंगाने पार तिरकी झिजलेली, डिट्टो आप्पांसारखी. त्यांच्या वहाणांना नाल ठोकलेली असायची तरी तीपण त्याच बाजूने जायची.

आता खरं ते लिहिते. ती कात जाळायचा सल्ला त्या मुलीला कोणी दिला, आठवतं? आजी म्हणाल्या, आईने. तेव्हा मी चहा ढवळत बसले होते, काही बोलले नाही. पहिल्या वर्षी तुझा अॅनाटॉमीचा पेपर राहिला तेव्हापासून दर रविवारी "अजून किती वर्षं गं" विचारणारी मीच ना. कोर्स सहा वर्षांचा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तरी विचारते, आणि मग तू दोन दिवस फोन उचलत नाहीस. म्हणून आता नाही विचारणार. चुकून विचारलं तर फोन कट कर, चालेल.

पुढे त्या मुलीला वाटेत सूर्याची आई, चंद्राची आई, वाऱ्याची आई भेटतात, घरात घेतात, जाताना काहीतरी हातात देतात. तुझ्या घरमालकीणबाई तशाच वाटल्या मला, निघताना रोझ जॅमची बाटली कोंबली बॅगेत, ती फुटली आणि माझ्या दोन साड्या गेल्या, पण ते जाऊ दे.

ऑक्टोबरमध्ये शेजारचा मुलगा सोफियाला येतोय, त्याच्याबरोबर नवीन बूट पाठवते. तिकडचा नंबर कळव, आणि जुना बूट उलटा करून तळव्याचा फोटो टाक, किती झिजलाय बघू दे.

आई