गिरणीतले कान, बागेतले कान

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पार्सल मिळालं असेलच. त्यात आईसाठी दोन्ही कान पूर्ण झाकणारे इअरमफ आहेत आणि बाबांसाठी दोरी लावलेले सिलिकॉनचे इअरप्लग. दोघांना एकच वस्तू का नाही पाठवली, हे फोनवर सांगायला घेतलं की बोलणं मोहोरावर आणि तुडतुड्यांवर जातं. म्हणून लिहूनच पाठवते. दोघांनी एकत्र बसून वाचा.

आई काय म्हणेल ते मला इथे बसून ऐकू येतंय. "माज्या कानाक सवय झाली हा, माका काय होणा नाय." आई, कानाला आवाजाची सवय होत नसते. गिरणीचा आवाज पूर्वीसारखा टोचत नाही, कारण तेवढं ऐकणंच कमी झालेलं असतं. कानाच्या आत शंखासारखा वळलेला एक भाग आहे आणि त्यात हजारो बारीक केसपेशी असतात. वाऱ्याने भात आडवं पडतं तशा त्या मोठ्या आवाजाने झोपतात. एकदा पडलेलं भात उभं राहतं, सारखं झोडपलं तर शेतातच कुजतं. दिवसभर दळण झालं की रात्री तुझे कान दडे बसल्यासारखे होतात आणि सकाळी मोकळे होतात, ते यामुळेच. हे वर्षानुवर्षं चाललं की सकाळचं मोकळं होणं थांबतं. माणसाच्या कानात या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

आधी जातात त्या बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या पेशी. म्हणून माणूस म्हणतो, ऐकू येतं पण कळत नाही. बाबा, चिनू फोनवर बोलायला लागला की तुम्ही "तू बोल" म्हणून फोन आईकडे देता, हे माझ्या लक्षात आलंय. लहान मुलांचा आवाज, त्यातले स, श, फ हे सगळं त्याच उंच पट्टीत येतं. मला ते फार लागतं, म्हणून हे पत्र.

किती आवाजात किती वेळ काम करायचं, हा हिशोब मी आमच्या कारखान्यात रोज करते. डेसिबल हे आवाजाचं माप. आवाज ८५ डेसिबल असेल तर कान न झाकता दिवसाला आठ तास, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० धरलेत, पण तुमच्यासाठी मी ८५ च धरणार. गणपतीत आले होते तेव्हा गिरणीत फोनवर मोजलं, तर हलर, म्हणजे भात सडायचं यंत्र, चालू असताना आकडा नव्वदच्या बराच वर होता. बाबांचा ग्रासकटर कानाजवळ शंभरच्या आसपास जातो. फोनवरचं माप ढोबळ असतं, हे कबूल. पण यंत्राशिवायही कळतं. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, की कान झाकायची वेळ झाली.

आई, तुझ्या बाबतीत मफच्याही आधीची गोष्ट म्हणजे खुर्ची. वजनकाटा, पैशाचा डबा आणि तुझी खुर्ची पडवीत काढ. दळण टाकायला आणि पीठ काढायला आत जायचं, बाकी वेळ बाहेर. मोटारीखाली रबराचे जाड तुकडे आणि घासणाऱ्या बेअरिंगच्या जागी नवं बेअरिंग, एवढंही करून घ्या. आवाज जिथे होतो तिथेच तो कमी करणं हा पहिला उपाय, कानावर काही चढवणं शेवटचा. लोक नेमकं उलटं करतात आणि मग महागडी वस्तू खुंटीला टांगून ठेवतात.

तुला प्लग दिले नाहीत, कारण पावसाळ्यात तुझा उजवा कान वाहतो. वाहत्या कानात काहीही कोंबायचं नाही. शिवाय फोमचे प्लग बोटांनी बारीक वळून घालावे लागतात आणि तुझी बोटं पिठाने भरलेली. येणारा प्रत्येक जण तुझ्याशी दोन शब्द बोलणार, तेव्हा झटकन काढता-घालता येईल असं मफच हवं. पट्टी डोक्यावरून, अंबाड्याच्या पुढे घे. मानेमागून पट्टी येणारे मफ मिळतात, पण ते अंबाड्याला अडतात. आता कुड्या. मफची गादी कानाभोवती सगळीकडून घट्ट बसायला हवी. कुडीवर ती उचलली गेली की त्या फटीतून आवाज आत येतो, आणि फिरकी मागे टोचते ती वेगळीच. सौभाग्याचं लेणं आहे, ठाऊक आहे मला. गिरणीच्या वेळेपुरत्या छोट्या डबीत काढून ठेव आणि आंघोळ करून अंगावरचं पीठ गेलं की घाल. केसांच्या बटा आणि पदराची कडही गादीखाली येऊ देऊ नकोस. घामासाठी गादीवर चढवायचे कापडी अभ्रे बरोबर दिलेत, ते धुता येतात. गादी कडक झाली किंवा चिरली की मला सांग, नुसती गादी बदलून मिळते.

बाबा, तुम्हाला चष्मा आहे. काडीमुळे मफची गादी कानाजवळ उचलली जाते. दमट हवेत तासाभरात मफच्या आत घामाचं पाणी होतं आणि तुम्ही ते काढून कलमाच्या फांदीला अडकवणार. म्हणून प्लग. फोमचे जास्त आवाज अडवतात, पण पेट्रोल-ऑइलच्या हातांनी ते वळले तर तेच कानात जाणार. हे सिलिकॉनचे चढत्या चकत्यांचे आहेत. त्यांच्या देठाला धरून घालायचे आणि संध्याकाळी साबणाच्या पाण्याने धुवायचे. घालताना उलटा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची वाट सरळ होते, मग हलकेच फिरवत आत सारा. नीट बसले की स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा, पिंपातून आल्यासारखा ऐकू येतो. तसं झालं नाही तर काढून पुन्हा घाला. मशीन सुरू करण्याच्या आधी घालायचे, दोरी ओढून झाल्यावर नाही. आणि कानातला कापूस फेकून द्या. त्याने आवाज मऊ वाटतो, अडत जवळजवळ काहीच नाही.

दुकानदार आकडा दाखवून महाग माल देतात, त्याला भुलू नका. पाकिटावर एनआरआर, म्हणजे किती डेसिबल अडतात त्याचा आकडा, म्हणून २७ लिहिलेलं असतं. तो प्रयोगशाळेतला आकडा आहे. कामावरचा अंदाज बांधायची एक अमेरिकन रीत आहे, सात वजा करून निम्मे करायचे. म्हणजे २७ चे उरले १०. तुमचा १०० चा कटर कानाला ९० झाला. ८५ च्या हिशोबाने आठ तासांची मुभा मग अडीच तासांवर येते. म्हणून सकाळी उन्हाआधी अडीच तास गवत, मग थांबा. राहिलेलं उद्या. काही पाकिटांवर एसएनआर असतो, तो युरोपातला आकडा. एकाच वस्तूचा एसएनआर बहुधा जास्त दिसतो, तेव्हा या दोघांची तुलना करू नका.

आकड्यापेक्षाही मोठी गोष्ट, न काढण्याची. ३० डेसिबल अडवणारी वस्तू कामाच्या अर्ध्या वेळेला गळ्यात लोंबत राहिली, तर दिवसअखेर फायदा जेमतेम ३ डेसिबलचा. कानाला बरी वाटते आणि शेवटपर्यंत कानातच राहते, तीच चांगली वस्तू. या प्लगांनी टोचलं तर संकोच न करता सांगा, लहान मापाचे पाठवीन. फार जास्त अडवणारंही मुद्दाम घेतलेलं नाही. सगळंच बंद झालं की माणूस एकटा पडतो आणि मागून मारलेली हाक कळत नाही. तुम्ही कटर चालवत असताना गड्याने पन्नास फुटांच्या आत यायचं नाही, दगड उडतात. बोलवायचं असेल तर समोरून येऊन दोन्ही हात वर करायचे, अशी खूण ठरवून टाका. तोंडावर जाळीचं झाकणही घ्या.

गड्यासाठीही एक जोडी पाठवली आहे. तो मशीनच्या आवाजावर मात करायला मोबाईलच्या बोंड्या कानात घालून मोठ्याने गाणी लावतो. त्याचा त्रास दुप्पट होतो आहे. माझ्या वतीने समजावून सांगा, विशीतला पोर आहे. लाकूडतोड्या चेनसॉ घेऊन येतो, तेव्हा त्याच्या जवळ उभं राहावंच लागलं तर प्लगवरून मफही घाला. दोन्ही मिळून बेरीज होत नाही, फक्त पाचेक डेसिबल जास्त मिळतात, पण तिथे तेवढेही हवेत.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. माकडं हाकायची ती पाइपची कार्बाइडची बंदूक. १४० डेसिबलच्या वरच्या स्फोटाला मिनिटांचा हिशोब लागत नाही, एका बारात कान जाऊ शकतो. डोळ्यांना असलेला धोका वेगळाच. ती बंद करा. काजूच्या दिवसांत माकडं नुकसान करतात आणि कुंपणाने भागत नाही, हे मला कळतं. पण बागेचं उत्पन्न पुढच्या वर्षी भरून निघेल.

आता तपासणी. दोघांनी कानांचा आलेख काढून घ्यायचा आहे. पुढच्या महिन्यात कोकणकन्येने माझ्याकडे या. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे श्रवणचाचणी होते, मी वेळ घेते. त्याआधीचा दिवस गिरण आणि कटर बंद ठेवा, नाहीतर थकलेल्या कानाचा आलेख निघेल आणि खरं काय ते कळणार नाही. आणि बाबा, "पुढे कानाला मशीन लावू की" असं म्हणू नका. ते यंत्र आवाज मोठा करतं, गेलेली स्पष्टता परत आणत नाही. पुढे लागलंच तर जरूर घेऊ, पण तेही प्लगच्या जागी चालत नाही, बंद करून घातलं तरी.

आई, मफ घालून हलर चालू कर आणि पडवीतून बाबांना सांग तुझं नाव घेऊन हाक मारायला. हाक आली आणि घरघर मागे पडली, तर माप बरोबर. गादी सैल वाटली तर पट्टीच्या दोन्ही बाजू सारख्या खाली ओढ. तिकिटं कणकवलीहून काढते आहे, तारीख कळवा.

तुमची,
बाय