मास्तर, आमच्या आबांची एक्क्याण्णव वर्षं तुम्ही सालवार लावून दिलीत

आदरणीय मास्तर,
सादर नमस्कार.

आबांचं वर्षश्राद्ध झालं. ट्रंकेतले जुने उर्दू कागद वाचून तुम्ही जुळवलेला त्यांचा चार पानी जीवनपट त्या दिवशी भावकीत आणि पाहुण्यांत वाटला. त्यावर तुम्ही स्वतःचं नाव घालू दिलं नाहीत, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत. तुम्ही काय केलंत आणि कसं केलंत, ते मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला कळायला हवं. घरोघरच्या ट्रंकेत असेच कागद पडलेले आहेत आणि ते वाचून घ्यायचे तर म्हातारी माणसं आहेत तोवरच.

शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात आबांची जन्मतारीख 1 जून 1938 अशी आहे. त्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म 1 जूनचाच. नाव घालताना गुरुजी पोराकडं बघून साल टाकायचे. तुम्ही आबांना वय विचारलंच नाहीत. विचारलंत ते असं, "रझाकाराच्या धामधुमीत तुमच्याकडं कोणतं काम होतं?" आबा म्हणाले, "वखर धरीत व्हतो. नांगर नव्हता झेपत." तुम्हाला तेवढं पुरलं. सात-आठ वर्षांचं पोरगं शेळ्या राखतं, दहा-बारा वर्षांचं मोटेवर बैल हाकतं, तेरा-चौदाला वखर हाती येतो आणि नांगराला सोळा तरी लागतात. पोलीस ॲक्शन झाली 13 ते 17 सप्टेंबर 1948. म्हणजे जन्म 1934 च्या आसपासचा.

अंदाजावर न थांबता तुम्ही कागद शोधलात. पणजी सांगायची, "बैलं आली आन् पंधरा दिसांत हा झाला." त्या बैलजोडीची उर्दू रसीद ट्रंकेत होती. तिच्यावर खुर्दाद 1343 फसली. हैदराबाद संस्थानचं फसली, म्हणजे महसुलाचं, साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्यानं सुरू व्हायचं. इसवी सन काढायला आजूर, दै, बहमन या पहिल्या तीन महिन्यांसाठी ढोबळमानानं 590 मिळवायचे आणि पुढच्या नऊ महिन्यांसाठी 591. खुर्दाद सातवा महिना, म्हणजे साधारण एप्रिल 1934. इथं दोन ठिकाणी फसायला होतं, हेही तुम्ही बजावलंत. उत्तर हिंदुस्थानातल्या फसलीचं कोष्टक लावलं तर दोन वर्षांचा फरक पडतो. आणि मोबाइलवर नुसतं खुर्दाद शोधलं तर इराणी पंचांगातला महिना समोर येतो, तो मे-जूनचा.

कागदांची अवस्था तुम्ही पाहिलीत तेव्हा आम्ही तर आशाच सोडली होती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमचं माळवद बसलं, ट्रंक ढिगाऱ्याखाली गेली, वर पाऊस. कागदांची थप्पी चिकटून तिचा पाटा झाला होता. तुम्ही ती सोलू दिली नाहीत, उन्हातही ठेवू दिली नाहीत, कारण उन्हात कागद कडक होऊन घडीवर तुटतो. अगोदर ओल्या कापसाचं टोक एका अक्षराच्या कडेला टेकवून शाई सुटते का ते पाहिलंत. बोरूची काजळीची शाई वर्षानुवर्षं उडत नाही, पण तिच्यात डिंक असतो, त्यामुळं पाणी लागलं की पसरते. म्हणून पाणी न लावता नुसती दमट हवा दिलीत. झाकणाच्या डब्यात तळाला पिळून घेतलेलं फडकं, त्यावर जाळी, जाळीवर थप्पी, एक रात्र. सकाळी बांबूची पातळ पट्टी सरकवून एकेक पान अलगद मोकळं केलंत. प्रत्येक पान कोऱ्या, न छापलेल्या कागदात ठेवून वर पाटी दिलीत आणि दर तीन-चार तासांनी कोरा कागद बदललात. डब्यात दुसरी रात्र ठेवायची नाही, बुरशी धरते, हे तुमचं सांगणं भिंतीवर लिहून ठेवलं आहे. फाटलेल्या कडांना सेलोटेप लावू दिला नाहीत, कारण त्याचा गोंद पुढं तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. लॅमिनेशनलाही ठाम नकार, कारण ते पुन्हा काढता येत नाही. फोटो खिडकीच्या आडव्या उजेडात, फ्लॅश बंद, शेजारी पट्टी ठेवून. उठावाचा शिक्का तिरप्या उजेडातच दिसतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

वाचन हे तर तुमचंच काम. शिकस्ता या घाईच्या, मोडक्या लिपीत नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, गाळलेले, अक्षरं एकमेकांत गुंतलेली, आणि रकमा आकड्यांत नाहीत तर सियाक या जुन्या हिशेबी लिपीच्या खुणांत. छापील उर्दू वाचणारा तिथं अडतो.

त्यातून आबांची जमीन उलगडली. आमची समजूत होती की शेत वडिलोपार्जित आहे. 1954-55 च्या खासरा पत्रकात, म्हणजे शेतवार नोंदींच्या कागदात, मालक म्हणून दुसऱ्याचं नाव निघालं आणि पणजोबा संरक्षित कूळ, म्हणजे कायद्याचं संरक्षण असलेले कसणारे. 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्याच्या कलम 38-ई खाली मालकी पुढं आमच्या घराकडं आली. चार एकर वीस गुंठे, म्हणजे आजच्या सातबाऱ्यावरचे 1 हेक्टर 82 आर. मधला दुवा आम्हाला लागत नव्हता, कारण जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर जुळत नव्हते. तहसीलच्या अभिलेख कक्षात खासरा पत्रक मिळतं, पण जुन्या-नव्या नंबरांचा मेळ जमिनीचे तुकडे जोडण्याच्या एकत्रीकरण योजनेच्या 9(3), 9(4) उताऱ्यात असतो आणि तो भूमी अभिलेख कार्यालयात मागायचा, हे तुम्ही सांगितलंत म्हणून हेलपाटे वाचले.

1972 च्या दुष्काळाचंही तसंच. आबा एवढंच सांगायचे की खडी फोडली, मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) खाल्ला. तुम्ही बाजाराच्या पावत्या तारखेनं लावल्यात तेव्हा दिसलं की त्या वर्षी बैलजोडी विकली गेली आणि पुढची घेतली 1975 मध्ये. मधली तीन वर्षं आबांनी सावडीवर, म्हणजे शेजाऱ्यांशी बैल-कामाची देवाणघेवाण करून, शेत केलं, आणि त्याच वर्षांत थोरल्या आत्याचं लग्न आणि मोठ्या काकांचं बोर्डिंग पार पाडलं. आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. नातवंडं आता त्या पावत्या हातात घेऊन विचारतात, मग या सालात आबा किती वर्षांचे होते? उत्तर देता येतं.

2023 पासून निजामकालीन नोंदींचा शोध वाढला आणि उर्दू-मोडी वाचणाऱ्यांना पानामागं पैसे मिळू लागले. तुम्ही आमच्याकडून एक पैसा घेतला नाहीत. उलट आबांशी बोलायला यायचात तेव्हा त्यांच्यासाठी खारका आणायचात. ऐकायला कमी यायचं म्हणून त्यांच्या उजव्या कानाशी बसायचात. त्या दुपारनंतर आबा रात्री पोटभर जेवायचे, हे सुनांनी आवर्जून लिहायला सांगितलं आहे.

सावकाराची मोडीतली वही अजून बाकी आहे. तुम्ही सुचवलेल्या मोडी वाचकांशी बोलणं झालं आहे. दिवाळीनंतर ते येतील तेव्हा तुम्हीही यावं, गाडी आम्ही पाठवतो. उर्दू कागदांच्या छायाप्रतींचा एक संच तुमच्या शाळेसाठी बांधून ठेवला आहे, तोही त्याच वेळी घेऊन जावा.

आपले ऋणी,
आबांची मुलं, सुना, लेकी आणि नातवंडं