पाच वर्षांची नेमणूक आणि न सांगितलेले कारण

मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली
यांसी,

विषय : राज्यपालांना मुदतीआधी हलवताना त्याचे कारण संसदेपुढे ठेवण्याबाबत.

स. न. वि. वि.

राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपतींच्या सहीशिक्क्याने होते, पण फाइल आपल्या मंत्रालयातून जाते, म्हणून हे पत्र आपल्याला. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. एखाद्या राज्यपालांना पाच वर्षे पुरी होण्याआधी हटवले, दुसऱ्या राज्यात पाठवले किंवा त्यांनी राजीनामा दिला, तर असे का झाले याचे लेखी निवेदन सरकारने संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे. केंद्र-राज्य संबंध तपासणाऱ्या सरकारिया आयोगाने ही शिफारस १९८८ मध्येच केली आहे, माझ्या पदरचे त्यात काही नाही. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. टाइप केलेले एक पान पुरते.

साताऱ्यात बसून याची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. तर आमच्या जिल्ह्याचा आणि मुंबईच्या गव्हर्नरांचा संबंध फार जुना आणि फारसा गोड नाही. महाबळेश्वरला येणारे पर्यटक एल्फिन्स्टन, कारनॅक, फॉकलंड अशा नावांच्या पॉइंटवर फोटो काढून जातात. ही सगळी गव्हर्नरांची नावे आहेत. (सिडनी पॉइंटवाले बेकविथ तर १८३१ मध्ये महाबळेश्वरीच वारले.) यातले सर जेम्स रिव्हेट कारनॅक १८३९ च्या उन्हाळ्यात मुंबईत गव्हर्नर म्हणून उतरले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्यावर ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध कट केल्याचे आरोप त्याआधीपासून होते. आधीचे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्ये मरण पावले, मधल्या काळात जेम्स फॅरिश यांनी काम पाहिले आणि निकाल लावायला कारनॅक आले. ते स्वतः साताऱ्यात आले, आरोप कबूल करणाऱ्या कागदावर सही करा म्हणाले. महाराजांनी नकार दिला आणि सप्टेंबरात त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवले. ते परत आले नाहीत, १८४७ मध्ये तिथेच वारले. रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन वर्षानुवर्षे दाद मागत राहिले ते याच प्रकरणात.

नऊ वर्षांनी पुन्हा तेच. प्रतापसिंहांच्या जागी गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ शहाजी महाराज उर्फ आप्पासाहेब एप्रिल १८४८ मध्ये वारले आणि त्यांनी घेतलेले दत्तक मान्य करायचे की संस्थान खालसा करायचे असा प्रश्न आला. गव्हर्नर जॉर्ज क्लर्क यांचे मत दत्तकाच्या बाजूने होते. साताऱ्यातले कंपनीचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, बार्टल फ्रियर यांचेही तेच. पण क्लर्क मे महिन्यात गेले, लॉर्ड फॉकलंड आले आणि मुंबई सरकारचे वजन दुसऱ्या पारड्यात पडले. शेवटचा शब्द कलकत्त्याचा आणि लंडनचा होता हे खरे. तरीही क्लर्क साहेब आणखी दोन वर्षे राहिले असते तर काय झाले असते, ही चर्चा आमच्याकडे अधूनमधून निघतेच.

ते परके राज्य होते, त्यांच्याकडून कारणाची अपेक्षा नव्हती. मला बोलायचे आहे ते नंतरच्या काळाबद्दल.

घटना समितीत राज्यपाल निवडून द्यावा असा विचार आधी होता. मे १९४९ च्या अखेरीस तो सोडून नेमणुकीची पद्धत घेतली. अनुच्छेद १५६ मध्ये पाच वर्षांची मुदत आहे आणि त्याच अनुच्छेदाच्या पहिल्याच खंडात राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पद राहील असेही आहे. या दोहोंत जड कोण, ते महाराष्ट्राची यादी वाचली की कळते. १ मे १९६० पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत इथल्या नियमित राज्यपालांपैकी चौघांनीच पाच वर्षे पुरी केली. श्रीप्रकाश (त्यांची सुरुवात मुंबई राज्याच्या काळात, १९५६ मध्ये झाली), अली यावर जंग, पी. सी. अलेक्झांडर आणि चे. विद्यासागर राव. पी. व्ही. चेरियन यांचे थोडक्यात हुकले, मुदत संपायला काही दिवस उरले असताना नोव्हेंबर १९६९ मध्ये ते गेले. सुब्बरायन १९६२ मध्ये काही महिन्यांतच वारले. अली यावर जंगही १९७६ मध्ये पदावर असतानाच गेले. मृत्यूपुढे इलाज नाही आणि शंकर दयाळ शर्मा किंवा सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले त्याबद्दलही तक्रार नाही. एस. एम. कृष्णा २००८ मध्ये राजकारणात परतण्यासाठी राजीनामा देऊन गेले, पुढे परराष्ट्रमंत्री झाले. सी. सुब्रमण्यम यांनी पंतप्रधान नरसिंह रावांवर केलेली टीका छापून आली आणि जानेवारी १९९३ मध्ये त्यांनी पद सोडले. ही कारणे वर्तमानपत्रांतून कळली. सरकारकडून काही कळले असेल तर ते आम्हाला सापडलेले नाही.

बदल्यांची साखळी कशी चालते त्याचे एक उदाहरण देतो. ऑक्टोबर १९८० मध्ये तामिळनाडूचे राज्यपाल प्रभुदास पटवारी यांना बडतर्फ केले. त्यांच्या जागी महाराष्ट्रातून सादिक अलींना नेले. इथे एअर चीफ मार्शल ओ. पी. मेहरा आले. तिकडे राजस्थानात रघुकुल टिळक यांना १९८१ मध्ये बडतर्फ केलेले, म्हणून मेहरांना मार्च १९८२ मध्ये जयपूरला हलवले. मुंबईच्या वाट्याला त्यांचे दीड वर्षही आले नाही. मद्रासचा आणि जयपूरचा राग, राज्यपाल बदलला आमचा.

जयपूरला मेहरांनंतर गेले ते सांगलीचे वसंतदादा पाटील. प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केले म्हणून १९८५ मध्ये दादांनी मुख्यमंत्रिपद सोडले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते राजस्थानचे राज्यपाल झाले. त्रेचाळीस साली सांगलीचा तुरुंग फोडून पळालेल्या माणसाला राजभवनात किती करमले असेल? दोन वर्षे व्हायच्या आत ते परतले. नंतर प्रभा रावही राजस्थानच्याच राज्यपाल झाल्या, हा योगायोग सांगलीकर चवीने सांगतात.

आमच्या साताऱ्याचे गणपतराव तपासे. खेर मंत्रिमंडळातले मंत्री. जनता सरकारच्या काळात, १९७७ मध्ये, उत्तर प्रदेशाचे राज्यपाल झाले. १९८० मध्ये दिल्लीतले सरकार बदलले आणि महिना-दीड महिन्यात त्यांना हरियाणात पाठवले. तिथे मे १९८२ च्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. देवीलालांना त्यांनी आमदार घेऊन सोमवारी या म्हणून सांगितले आणि रविवारीच भजनलालांचा शपथविधी उरकला. संतापलेले देवीलाल राजभवनात त्यांच्या अंगावर धावून गेले, ते प्रकरण तिकडे अजून सांगतात. तपाश्यांनी केले ते चूक होते, गाववाले म्हणून मी त्यांची बाजू घेणार नाही. पण ज्याला लखनौहून चंदीगडला उचलून ठेवता येते, त्याने आपली पुढची बदली डोळ्यांआड करून बहुमत मोजावे, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

आता आपल्या पक्षाच्या काळाकडे येतो. एकट्या आपल्या पक्षाला धरायचे नाही म्हणून आधी नोंदवतो की जुलै २००४ मध्ये काँग्रेसप्रणीत सरकारने उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा आणि गोवा इथल्या राज्यपालांना एका फटक्यात काढले होते. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये सांगितले की सरकार बदलले म्हणून राज्यपाल काढता येणार नाहीत, लहरीनुसार तर नाहीच. मात्र कारण जाहीर करण्याचे बंधन नाही, असेही त्याच निकालात आहे. मग चार वर्षांनी महाराष्ट्राचे राज्यपाल के. शंकरनारायणन यांचे झाले. गृहसचिवांचा फोन आल्याचे त्यांनी स्वतः सांगितले होते. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांची मिझोरमला बदली निघाली आणि ते राजीनामा देऊन घरी गेले. त्याच वेळी आमच्या कराडचे श्रीनिवास पाटील सिक्कीमला होते. त्यांचीही नेमणूक आधीच्या सरकारनेच, २०१३ मध्ये केलेली. त्यांना कोणी हात लावला नाही. २०१८ पर्यंत त्यांनी मुदत पुरी केली आणि २०१९ च्या पोटनिवडणुकीत, शरद पवारांच्या त्या पावसातल्या सभेनंतर, ते साताऱ्याचे खासदार झाले. (राज्यपालाने पुन्हा पक्षीय राजकारणात उतरू नये, असेही सरकारिया आयोग सांगून गेला आहे. ते कोणीच ऐकत नाही.) पाटील राहिले याचा आनंद आहेच. पण एकाला का ठेवले आणि दुसऱ्याला का हलवले, हे आपल्या फाइलीत कुठेतरी असणार. आम्हाला तेवढेच वाचायचे आहे.

राज्यपाल नामधारी, कोण का असेना, असे म्हणायची सोय महाराष्ट्रात नाही. अनुच्छेद ३७१ खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांत निधीचे न्याय्य वाटप पाहणे ही आमच्या राज्यपालांची विशेष जबाबदारी आहे. १९९४ मध्ये विकास मंडळे आली, २००१ पासून सिंचनाच्या पैशासाठी राज्यपालांचे निर्देश आले. विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष खरा होता, तो भरायलाच हवा होता. पण हिशेब विभाग आणि जिल्हा धरून झाला. पश्चिम महाराष्ट्र म्हणजे ऊस आणि कृष्णाकाठ, या समजुतीत माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ वाहून गेले. टेंभू, म्हैसाळ, उरमोडी या योजनांचे पैसे राज्यपालांच्या सूत्रात अडकलेत, हे वाक्य आमच्याकडच्या टँकरवर पाणी भरणाऱ्या बायांनाही पाठ होते. केळकर समितीने पुढे तालुका हा घटक धरला तेव्हा कुठे ही गावे कागदावर दिसली. हा गुंता नव्या माणसाला दोन उन्हाळ्यांत उलगडत नाही. अलेक्झांडर साडेनऊ वर्षे राहिले. पाच मुख्यमंत्री आणि चार पंतप्रधान त्यांनी पाहिले, युतीचे सरकारही पाहिले आणि आघाडीचेही. त्यांचे सगळे निर्णय आम्हाला पटले असे नाही, पण निवेदन घेऊन गेलेल्या माणसाला मागच्या वर्षीचा माणूसच समोर भेटत असे. २०१९ नंतर सहा वर्षांत कोश्यारी, बैस, राधाकृष्णन असे तिघे झाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये गुजरातच्या राज्यपालांकडे अतिरिक्त कार्यभार गेला. विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, ती वेळेत वाढवली गेली नाही. महाबळेश्वरच्या राजभवनावर, गिरिदर्शनवर, उन्हाळ्यात पाहुणे येतात तेव्हा निवेदन कोणाच्या हाती द्यायचे, हा प्रश्न खराच पडतो.

याला एक चांगला आक्षेप आहे. मुदत पक्की केली तर नको असलेला राज्यपालही पाच वर्षे बसेल. भगतसिंह कोश्यारी यांच्या वेळी ही भावना साताऱ्यात चांगलीच होती. विधान परिषदेच्या बारा नावांची यादी त्यांच्याकडे नोव्हेंबर २०२० पासून राज्यातले तेव्हाचे सरकार जाईपर्यंत पडून राहिली, आणि छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल ते जे बोलले त्यावरून आमच्या गावात मोर्चे निघाले. त्यांना जाऊ द्यायला हवे होते असेच माझे मत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते गेले. वाचन-लेखनात वेळ घालवायचा आहे, असे त्यांनी त्याआधी सांगितले होते. केंद्र सरकारला त्यांचे वागणे पटले होते की नव्हते, हे आजवर कळलेले नाही. म्हणून मी मुदत पक्की करा असे म्हणत नाही. मर्जी आपल्याकडेच राहू द्या. ती का फिरली तेवढे लिहून सभागृहात ठेवा, आणि हलवल्या गेलेल्या राज्यपालांना काही म्हणायचे असेल तर तेही त्याच कागदाला जोडा.

अतिरिक्त कार्यभाराला मात्र तीन महिन्यांची मर्यादा घालता आली तर पाहावे. विद्यासागर राव मुंबई सांभाळून सप्टेंबर २०१६ पासून वर्षभराहून अधिक काळ तामिळनाडूही पाहत होते, आणि जयललितांच्या निधनानंतरचा सगळा गोंधळ नेमका त्याच काळात झाला.

निवेदनांची सुरुवात पुढच्या बदलीपासून केली तरी चालेल. मागची काढायची असतील तर ऑगस्ट २०१४ ची फाइल आधी काढावी, ती आपल्याच मंत्रालयात आहे.

कळावे,

आपला,
साताऱ्याचा एक मतदार