सुप्पंडीच्या डोक्याचा जनक

धरमपेठ, नागपूर

प्रिय सुप्पंडी,

दोन पोरांच्या बापाला या नावानं हाक मारू नये, कळतं मला. पण मुंजीत गोटा झाल्यावर तुझं डोकं जसं वर निमुळतं दिसलं, ते पाहून अख्ख्या वर्गानं टिंकल या मुलांच्या कॉमिकमधल्या येड्या गड्यावरून एकमतानं ठेवलेलं नाव आहे ते, मी एकटा कसा बदलणार? शिवाय आजचं पत्रच त्या डोक्याबद्दल आहे.

रविवारी आमच्याकडे जुने कॉमिक्सवाले जमले होते. ज्याच्या माळ्यावर जे उरलंय ते घेऊन यायचं, एवढंच ठरलेलं. पोह्यांवर तर्री मनसोक्त झाली, मग हात साबणानं धुतल्याशिवाय अंकाला शिवायचं नाही असा दम भरावा लागला. विषय एकच, चित्रकार राम वाईरकर. २००३ साली गेले ते.

नाव ओळखीचं वाटतं का तुला? तेव्हा आपण सरळ गोष्टीवर तुटून पडायचो. चित्रकाराचं नाव तिथंच छापलेलं असायचं, पण वाचतो कोण बे! परवा एकेक अंक उघडून नावंच वाचत बसलो. सुप्पंडी वाईरकरांचा, शिकारी शंभू वसंत हळब्यांचा, कालिया कावळा प्रदीप साठ्यांचा. कॉन्व्हेंटची पोरं इंग्रजी टिंकल काखोटीला मारून आपल्यापुढे भाव खायची, आणि आतली सगळी गँग मराठी माणसांनी काढलेली! हे तेव्हा माहीत असतं तर मधल्या सुट्टीत काय मिरवलो असतो.

पण मला खरा धक्का दिला तो 'कृष्ण'नं. अमर चित्रकथेचा तो १९७० च्या आसपासचा अंक, संहिता खुद्द अमर चित्रकथेचे जनक अनंत पै यांची आणि चित्रं वाईरकरांची. परवा आलेल्या प्रतीचं मुखपृष्ठ गायब, पिना गंजलेल्या, आणि कंसाला कुणीतरी बॉलपेननं चष्मा काढलेला. तरी आतला निळा पोरगा जसाच्या तसा. गालांची गोलाई, बासरीवरची बोटं, सगळं मऊ. त्याच्या शेजारी टिंकल उघडून ठेवलं. तिथं तो लांबुळक्या डोक्याचा, शेंड्यावर चार केस वाढवलेला येडा दात काढून उभा. दोन्ही एकाच हातचे! पाच मिनिटं कुणी पोह्यांकडे बघितलं नाही.

मग जुंपली. आमच्यातले एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर म्हणाले, "कला म्हणाल तर कृष्ण. सुप्पंडी काय, टाइमपास." मला नाही पटलं. कृष्ण कसा दिसतो हे कॅलेंडरांनी, देवघरातल्या तसबिरींनी आधीच ठरवून ठेवलंय. तो चांगला काढणं सोपं नाही, मान्य, पण निदान वाट तरी मळलेली होती. सुप्पंडीला कुठली वाट? त्रिचीच्या एका वाचकानं गोष्टी पाठवल्या आणि १९८३ मध्ये तो टिंकलमध्ये आला. समोर होते नुसते शब्द. चेहरा शून्यातून आणायचा होता.

आणि चेहऱ्यातच तर सगळी गंमत आहे. नीट बघ कधी. सांगकाम्या गडी, मालकाचा शब्द अक्षरशः पाळून घर डोक्यावर घेतो. शेवटच्या चौकटीत मालक लालबुंद, डोळे खोबणीतून बाहेर. आणि हा? अंगावर ओशाळेपणाचा मागमूस नाही. सांगितलेलं काम चोख केलं, आता हा ओरडतो काहून, एवढाच भाव. एखाद्या चित्रकारानं त्याला घाबरलेला काढला असता तर आपल्याला त्याची कीव आली असती आणि विनोद तिथंच मेला असता. वाईरकरांनी त्याला खूश ठेवला. म्हणून आपण मालकाला हसतो, गड्याला नाही. मास्तर यावर "हं" म्हणाले आणि चहा मागितला, म्हणजे मी जिंकलो असं मी धरून चाललोय.

पुढे वाईरकरांची मुलगी अर्चना आंबेरकर यांनीही सुप्पंडी काढला. नव्या अंकांत कपडे बदलले, नोकऱ्या बदलल्या, डोकं मात्र वाईरकरांचंच राहिलं. माझी पोरगी मोबाइलवर बघते त्याला. तिला शंभू जास्त आवडतो, टोपीखाली डोळेच दिसत नाहीत म्हणे. असो, ज्याची त्याची आवड.

आता कामाचं. तुझ्या वडिलांनी बर्डीवरच्या बाइंडरकडून टिंकलचे अंक एकत्र शिवून घेतले होते, जाड पुठ्ठा, हिरवं कापड. पुण्याला जाताना तू ते गठ्ठे नेलेस की महालातल्या घरीच आहेत? काकूंना विचार. रद्दीत घातले असतील तर मला सांगू नकोस. असतील तर दिवाळीला येताना घेऊन ये, डिसेंबरात पुन्हा जमायचं ठरतंय आणि मास्तरांना दाखवायला मला आणखी शेवटच्या चौकटी हव्यात. वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
शेवटच्या बाकावरचा