शैलास पत्र

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय शैले,

फोनवर हे बोलायला घेतलं की मी विषय बदलते, म्हणून कागद घेतलाय. संध्याच्या मुलीच्या लग्नात, पंगतीत, सात-आठ जणींसमोर, तुझ्या रंगवलेल्या काळ्या केसांवरून मी तुला म्हणाले, "आता कुणाला फसवायचंय गं? साठी उलटली की!" सगळ्या हसल्या. तूही हसलीस. पण पानातली जिलबी तशीच ठेवून उठलीस. तू, आणि जिलबी टाकणार! तेव्हापासून ती जिलबी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आता खरं सांगते. मी डाय सोडला तो काही वय स्वीकारलं वगैरे म्हणून नाही. लॉकडाउनच्या आधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, नेहमीसारखा जुना गाऊन घालून, खांद्यावर पेपर पसरून, टूथब्रशने भांगात लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. पापण्या पुरीसारख्या फुगलेल्या आणि कानामागे पाणी सुटलेलं. त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळ्या डायमधल्या पीपीडीची, म्हणजे पॅरा-फेनिलीन-डायअमाइनची अ‍ॅलर्जी. वर्षानुवर्षं सोसलेलं अंग एके दिवशी असं उलटू शकतं म्हणे. मी विचारलं, मग काळी मेंदी? तर त्यातही बहुतेक वेळा तेच असतं. मेंदीच्या पानाचा रंग मुळात तांबूस, काळा येतो तो मिसळलेल्या रसायनाने.

घरी येऊन रडले गं. मग लॉकडाउन लागला आणि लपायची सोय झाली. केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर वाढतात. वर पांढरे, खाली काळे, असं ते सोंग दीड वर्ष चाललं. शेवटी सगळे पांढरे झाले तेव्हा बायका म्हणायला लागल्या, "वा, किती छान दिसतं! काय धाडस!" आणि मी ते धाडस चक्क घेतलं की. पापण्यांचं कुणालाच सांगितलं नाही. परवा एसटीत कॉलेजातल्या पोरीने उठून जागा दिली तर मनात तिला शिव्या घातल्या, ही माझी वय स्वीकारण्याची तऱ्हा! आणि आमचे हे दर रविवारी छोट्या ब्रशने मिशी काळी करतात, त्यांना मी कधी चकार शब्द बोललेली नाही. तुला मात्र बोलले.

परवा कपाट आवरताना पणजीचा फोटो सापडला आणि माझं तोंड जास्तच बंद झालं. तुला सांगितलंय ना तिच्याबद्दल? लाल आलवण नेसायची. पंधराव्या वर्षी नवरा गेला आणि डोकं लोकांच्या ताब्यात गेलं. मी दुसरीत होते तेव्हाही न्हावी परसदारी यायचा. ती पाटावर पाठमोरी बसायची. तो गेला की डोक्यावरून हात फिरवून मला विचारायची, "राहिलंय का गं कुठे?" मी बोट ठेवून दाखवायची. मला तो खेळ वाटायचा. १८९० साली मुंबईत न्हाव्यांनीच कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने ठरवलं होतं, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही म्हणून. ऐंशी वर्षांनंतरही आमच्या परसात पाट मांडला जात होता. आणि बघ, तेव्हा बोट ठेवून दाखवणारी मी आजही तेच करतेय. फक्त डोकं तुझं.

संध्याकडच्या त्या लग्नानंतर मी मनात तुझी कारणं जुळवत बसले. क्लासमधल्या मुलांसमोर उभं राहायचं म्हणून असेल, आजारपणातून उठल्यावर आरशात ओळखीचा चेहरा हवा म्हणून असेल. मग लक्षात आलं, मी अजून तुझी चौकशीच करतेय. तुला काळे केस आवडतात. संपलं. उद्या हिरवे आवडले तरी मला काय! (हिरवे करू नकोस हं.)

एक मात्र मैत्रीण म्हणून सांगते. दर वेळी लावण्याआधी कानामागे थेंबभर लावून अठ्ठेचाळीस तास थांब. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि आपण चष्मा काढून डाय लावतो. खाज आली की लगेच धुऊन टाक, माझ्यासारखी "होईल कमी" करत बसू नकोस.

दिवाळीनंतर चार दिवस ठाण्याला येतेय. येताना काकवी आणते. तुझी रंगवायची वेळ तेव्हाच आली तर माझ्यासाठी पुढे ढकलू नकोस. डायला हात लावायची मला बंदी आहे, पण मागचं तुला दिसत नाही ना? मी आरसा धरून उभी राहीन. कुठे राहिलंय ते मात्र तू विचारलंस तरच सांगेन.

तुझी,
मंदा